वरचे दोन

‘गगनवेध’ या विमानयुद्धाच्या खेळात बॉम्ब खऱ्यासारखे वागू लागले, त्या आठवड्यात नाशिकच्या कार्यालयात सहाशे बारा तक्रारी आल्या. त्यांतल्या चारशे एकाहत्तरांचा मजकूर एकच होता : बॉम्ब टाकला, फुटला नाही. कुणी कुणाला दोष दिला याची शर्वरी गायधनीने मोजदाद ठेवली होती. कंपनीला दोनशे नव्वद, स्वतःच्या कॉम्प्युटरला एकशे दहा, इंटरनेटला सत्तर, आणि जळगावच्या एका गृहस्थाने मेहुण्याला, कारण तो शेजारी बसून बडबडत होता. स्वतःलाच दोष देणाऱ्यांसाठीही तिने एक रकाना आखला होता. तो कोराच राहिला.

“काका, यांना काय लिहू?” तिने विचारलं.

“लिही, बॉम्ब बरोबर आहे. तुम्ही खाली आहात.”

“जरा गोड?”

“मग आधी नमस्कार घाल.”

दिगंबर खैरनार चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांतली सव्वीस वर्षं त्यांनी आर्मरर म्हणून विमानांना बॉम्ब लावण्यात घालवली होती. शर्वरीने खेळातल्या बॉम्बचं गणित लिहिलं होतं, पण ते गणित माणसाच्या हाताशी कसं वागतं हे तिला खैरनारांनी शिकवलं. दोघांचं बरं जमायचं. तिला आकडे आवडायचे आणि त्यांना आकड्यांमागचे लोक माहीत होते.

तक्रारदारांचं चुकत होतं ते एवढंच. बॉम्ब विमानातून सुटल्या सुटल्या फुटायला तयार नसतो, नाहीतर टाकणाराच आधी जायचा. त्याच्या तोंडाशी फ्यूज असतो आणि फ्यूजला पंख्यासारखी एक चकती. तळावरचे मराठी लोक तिला भिंगरी म्हणायचे. बॉम्ब पडू लागला की वाऱ्याने भिंगरी फिरते आणि ठरलेले सेकंद फिरून झाली की बॉम्ब ‘जागा’ होतो. त्याच्या आधीच तो जमिनीवर आदळला तर झोपलेलाच राहतो आणि मातीत शिरून तिथेच पडतो. ते सेकंद जमिनीवर, उड्डाणाआधी, आर्मररने लावायचे असतात. वैमानिकाला आकाशात ते बदलता येत नाहीत. पूर्वीच्या खेळांत ही भानगड नव्हती, कुठूनही टाका, आवाज व्हायचा. नव्या आवृत्तीत ‘चार सेकंद’ लावून साठ मीटरवरून टाकलेला बॉम्ब मुकाट मातीत जायचा आणि घाटकोपरपासून ग्दान्स्कपर्यंतचे वीर कंपनीच्या नावाने बोटं मोडायचे.

स्तुतीचं पत्र एकच आलं. शर्वरीने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

“‘आपण माझं नाव राखलंत. १९९१च्या स्पर्धेत पाहुण्यांसमोर मी टाकलेले चारही बॉम्ब फुटले नाहीत आणि पुढे निवृत्त होईपर्यंत लोक मला फुसके मिरीकर म्हणाले. आपल्या खेळात मी फ्यूज तसाच चार सेकंदांवर लावला आणि तेव्हासारखेच एकशे वीस मीटरवरून टाकले. चारही फुटले. माझं उड्डाण चोख होतं. विज्ञान खोटं बोलत नाही. विंग कमांडर (निवृत्त) श्रीनिवास मिरीकर.’ ओळखता का हो यांना?”

“त्यांचे बॉम्ब मीच लावायचो,” खैरनार म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

*

त्याच वर्षी, म्हणजे २०३८ साली, सर्वेक्षण खात्याने कंपनीला एक काम दिलं. सिन्नरच्या पुढे गारमाळ नावाचं गाव आहे. गावाचं नऊशे हेक्टर रान बॉम्बफेकीच्या सरावासाठी घेतलं होतं आणि १९९९पासून ते कुंपणात नुसतं पडून होतं. आता ते परत द्यायचं होतं. अडचण एवढीच की नोंदींप्रमाणे तिथे तीनशे अठरा खरे बॉम्ब टाकले गेले आणि तेव्हाच्या हवाई फोटोंत खड्डे दोनशे चाळीस मोजले जात होते. अठ्ठ्याहत्तर बॉम्ब मातीत झोपले होते. कुठे, ते माहीत नव्हतं.

धातू शोधणारं यंत्र फिरवून भागलं असतं, पण आपल्याकडच्या काळ्या पाषाणातच लोह आहे. यंत्र दर पावलाला किंचाळतं. दगड आणि बॉम्ब यांत त्याला फरक कळत नाही.

तेव्हा खात्यातल्या कुणाच्या तरी मुलाच्या नादाने शर्वरीचं गणित खात्यापर्यंत पोचलं. खेळात ते सरळ चालायचं : उंची, वेग आणि फ्यूजचे सेकंद सांगा, बॉम्बचं काय होईल ते मी सांगतो. शर्वरीने ते उलटं फिरवलं. जुन्या नोंदींतल्या उंच्या आणि सेकंद दिले की यंत्र तो दिवस लाखभर वेळा उडवून बघायचं आणि कुठला बॉम्ब कुठे, किती खोल निजला असेल, याचा ठिपका नकाशावर टाकायचं. ठिपक्याशेजारी खात्रीचा टक्का. मग खणायचं ते ठिपक्यांपुरतं.

गारमाळच्या सरपंच मथुराबाई आंधळे एकदा नकाशा बघायला आल्या. उभ्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे हे यंत्र खोटं खोटं इमान उडवतंय, आन् खरा बॉम्ब सापडतो?”

“हो, मावशी.”

“आमच्यात देवऋषी असंच करायचा. तो बी खात्रीनंच सांगायचा.” मग नकाशाच्या उजव्या अंगाला बोट टेकवून त्या म्हणाल्या, “ही पूर्वेची पड. गावाला लागून हाये, मेंढरांना हीच पायजे. पश्चिमेचा ओहोळ तुमच्या बॉम्बला ठेवा खुशाल.”

“तुमची माणसं आत जात नाहीत ना कधी?”

“न्हाई बा. तसं कागदावर लिहूनच दिलंय.” त्या कागदाचीही गंमत होती. कुंपणाच्या आत गावातलं कुणी गेल्याचं सिद्ध झालं तर कलम नऊप्रमाणे गावाचा सगळा दावा रद्द होणार होता. अशा अटीमुळे लोक आत जायचे थांबत नाहीत. गेल्याचं सांगायचे मात्र थांबतात.

*

यंत्राने पहिल्या फेरीत घोटाळा केला. नोंदींत सगळीकडे सेकंद चार होते आणि उंची दोनशे मीटर. या आकड्यांनी जवळजवळ सगळे बॉम्ब फुटायला हवे होते. यंत्र म्हणत होतं, एकवीस झोपले. फोटो म्हणत होते, अठ्ठ्याहत्तर.

शर्वरीने दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग हुशार माणसं करतात ते केलं. नोंदींच्या फॉर्मवर सह्या होत्या. सही असलेल्या आकड्यावर कोण शंका घेणार? तिने शंका मातीवर घेतली. पश्चिमेच्या ओहोळातली काळी माती तिने गणितात थोडी मऊ केली. मऊ मातीत आदळलेल्या बॉम्बला कधी कधी आदळल्याचं कळतच नाही. आणखी थोडी मऊ केली. झोपलेल्यांचा आकडा अठ्ठ्याहत्तरवर आला, सगळे ठिपके ओहोळात गेले आणि पूर्वेची पड स्वच्छ निघाली. पंधरा तारखेला ती गावाच्या ताब्यात जाणार होती.

“बघा काका, जुळलं!”

खैरनारांनी नकाशा पाहिला. त्या फॉर्मवरच्या सह्या त्यांच्या होत्या. न जुळणारी गोष्ट जुळते तेव्हा कुणाला तरी ओरबाडून जुळते, हे त्यांना सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं. ते घरी गेले आणि जेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरी चहा घेत होती तेव्हा तिच्यासमोर येऊन बसले.

“चार नव्हते. सहा होते.”

“काय सहा?”

“सेकंद. फॉर्मवर चार लिहायचो. लावायचो सहा.”

तिने कप खाली ठेवला.

“माझी आई सटाण्याच्या बाजारात भाजी विकायची,” ते म्हणाले. “पावशेर मिरची तोलून झाली की वर दोन टाकायची. गिऱ्हाइकानं मागायच्या आधीच. एकोणनव्वद साली आमच्या तळावरच्या एका पोराचं विमान स्वतःच्याच बॉम्बच्या तुकड्यांनी पडलं. तेवीस वर्षांचा. खाली उडत होता आणि मी फ्यूज लावला होता चारचा, नियमाप्रमाणे. बॉम्ब नियमाप्रमाणे फुटला. त्यानंतर मी प्रत्येकाला वर दोन घालायचो. आमच्या शेडमध्ये शब्दच पडला होता, वरचे दोन. फार खालून टाकला तर बॉम्ब झोपू दे, पण पोरगा परत येऊ दे, म्हणून. कागदावर कुठेच नाही ते. दहा वर्षं.”

“म्हणजे दहा वर्षं तुम्ही खोट्या सह्या केल्या.”

“दहा वर्षं एकही विमान पडलं नाही,” खैरनार म्हणाले. मग म्हणाले, “हो. खोट्या.”

शर्वरीने माती पुन्हा होती तशी घट्ट केली आणि एकोणनव्वदनंतरच्या सगळ्या फेऱ्यांना सेकंद सहा घातले. यंत्र चाललं. दोघं पडद्याकडे बघत राहिले. झोपलेले बॉम्ब : चोवीस.

“काहीच फरक नाही, काका.” तिने गणित उलगडून दाखवलं. दोनशे मीटरवरून बॉम्ब खाली यायला सहा सेकंद आणि वर थोडा वेळ लागतो. सहाव्या सेकंदाला जागा झाला, मग आदळला. फुटला. “तुमचे वरचे दोन कुणाला नडलेच नाहीत. सुटलात!”

यंत्राने निर्दोष ठरवलं की माणसाला फार बरं वाटतं. खैरनारांनाही वाटलं, साधारण अर्धा कप चहा संपेपर्यंत.

“ते फुसक्याचं पत्र काढ गं. ती स्पर्धा गारमाळलाच झाली होती,” ते म्हणाले.

तिने काढलं. एकशे वीस मीटर. तिने त्याच फेऱ्यांच्या उंचीच्या रकान्यात दोनशे खोडून एकशे वीस घातले. एकशे वीसवरून बॉम्ब पाच सेकंदांत जमिनीवर येतो. चारचा फ्यूज असता तर फुटला असता. दोनशेवरून टाकला असता तर सहाचाही फुटला असता. फ्यूज सहाचा आणि उंची एकशे वीस, म्हणजे दोघंही कागदाबाहेर वागले, तरच तो झोपणार होता. झोपलेले बॉम्ब : सत्त्याहत्तर. ठिपके ओहोळातून उठले आणि पूर्वेच्या पडीवर जाऊन बसले, कारण कमी उंचीवरून यायची वाट तिथूनच होती.

“पत्र आहे ना हातात,” शर्वरी म्हणाली. “खात्याला देऊन टाकू.”

“खेळाच्या कौतुकात लिहिलेलं पत्र आणि खात्यात दिलेला जबाब एक नव्हे. उद्या म्हणतील, म्हातारा गेमबद्दल बोलत होता. आणि एकटे मिरीकर नव्हेत, सगळेच खाली उडायचे का, ते कोण सांगणार? त्यांनाच विचारायला हवं.”

*

विंग कमांडर मिरीकर गंगापूर रोडला राहायचे. बेडरूममधला पलंग भिंतीला सारून तिथे त्यांनी खुर्ची, दांडी, पायपट्ट्या आणि तीन पडदे असं अख्खं विमान मांडलं होतं. शहात्तराव्या वर्षी दिवसाला चार तास उडायचे.

“या खैरनार! वाचलंत पत्र? चारही फुटले! सत्तेचाळीस वर्षांनी निकाल लागला.”

“वाचलं, सर. तेव्हाच्या चौकशीत तुम्ही दोनशे मीटर सांगितलं होतं.”

“सांगावं लागतं. दोनशेच्या खाली मनाई होती आणि दोनशेवरून निशाणा लागत नव्हता. सगळेच खालून यायचे, सगळेच दोनशे लिहायचे. शेवटी फ्यूजचा लॉट खराब होता म्हणून फाइल बंद झाली. बरं झालं. लॉटला बायकोमुलं नसतात.”

“लॉट चांगला होता, सर. मी सहा लावायचो.”

मिरीकरांचा हात दांडीवरून निघाला. खैरनारांनी सगळं सांगितलं, मिरचीसकट.

“म्हणजे मी फुसका नव्हतो,” मिरीकर सावकाश म्हणाले. “तुम्ही मला फुसका केलात. माझं प्रमोशन गेलं, खैरनार. पार्टीत बायकोसमोर हसायचे लोक. तुम्ही तिथे शेडमध्ये बसून माझ्यावर दया करत होतात. मागितली होती कुणी?”

“नाही.”

“मग?”

“सर, यात एक बटण आहे,” खैरनार पडद्याकडे बघत म्हणाले. “‘स्वतःच्या बॉम्बचे तुकडे’. तुमचं बंद दिसतंय.”

“त्याने मजा जाते.”

“एकदा चालू करून उडा. चारच सेकंद लावा. एकशे वीसवरूनच.”

मिरीकरांनी रागाने बटण दाबलं, रागानेच उड्डाण केलं. हात अजून चोख होता, निशाणा मधोमध. बॉम्ब फुटला. पडद्यावर सेकंदाचाही अवधी गेला नसेल, शेपटीकडून ठकठक आवाज आला, तांबडे दिवे लागले आणि डोंगर तिरका होऊन वर आला. त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा जरा वेगाने. पाचव्यांदा विमान वाचलं, नुसतं इंजिन गेलं होतं. मग त्यांनी खुर्ची वळवली.

“पूर्वेच्या पडीचं काय म्हणालात?”

“पंधरा तारखेला मेंढरं जाणार. मागून माणसं.”

“माझ्या नावाची पाटी मी या वयात स्वतः खाली उतरवू?”

“मी माझी उतरवलीय, सर. एकट्याच्या सहीने नकाशा हलत नाही.”

मिरीकरांनी चहा विचारला नाही. पण शर्टाच्या खिशातलं पेन काढलं.

*

पंधरा तारखेला सकाळी अकराला गारमाळच्या ग्रामपंचायतीत बैठक होती. सर्वेक्षण खात्याचे भालेकरसाहेब नवा नकाशा टेबलावर पसरून बसले होते. एका बाजूला खैरनार आणि शर्वरी, मधे एक खुर्ची मोकळी सोडून मिरीकर. त्या दोघांचं प्रवासात एक वाक्य बोलणं झालं होतं, तेही गाडीच्या काचेबद्दल.

भालेकर चांगला माणूस होता. त्याला फक्त पुरावा लागायचा.

“दोघांचेही जबाब मी वाचले,” तो म्हणाला. “खोटं लिहिल्याबद्दल काय ते वर ठरेल. माझा प्रश्न वेगळा आहे. काल आम्ही पूर्वेच्या पडीवर तुमचा सगळ्यात खात्रीचा ठिपका खणला. चौऱ्याण्णव टक्के. खोली दीड मीटर म्हणाला होतात, आम्ही तीनपर्यंत गेलो. काही नाही. तुमच्या शब्दावर मी अर्ध्या गावाचं रान आणखी पाच वर्षं अडवू? नव्या नकाशाला आधार मिळत नाही. मी जुन्यावर जातो. पूर्व आज ताब्यात देतो.”

शर्वरी पुढे सरसावली. “सर, आणखी दोन ठिपके खणा. चौऱ्याण्णव म्हणजे शंभर नव्हे.”

“शंभर नव्हे, हेच मी म्हणतोय.”

 खैरनारांचं नाव देऊन झालं होतं, द्यायला आणखी काही शिल्लक नव्हतं. मिरीकर खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हे बरं आहे. खोटं बोललो तेव्हा सगळ्यांनी मानलं.”

भालेकरने ताब्याचा कागद मथुराबाईंपुढे सरकवला आणि सहीची जागा दाखवली. त्यांनी पेन हातात घेतलं. नजर नकाशावर होती. बराच वेळ त्यांनी सही केली नाही.

“ह्यो खणला तो ठिपका,” त्यांनी विचारलं, “बोरीच्या झाडापासचा?”

“हो. तिथे काही नाही.”

“न्हाई म्हंजे आता न्हाई. होता.”



“सोळा वर्षं झाली,” मथुराबाई म्हणाल्या. “शेपूट वर आलं होतं पावसात. शाळेच्या मैदानाला रूळ पायजे होता. दोन बैलजोड्या लावून वढून आणला. लोहारानं दोन्ही टोकांना कड्या जोडल्या, वेल्डिंग करून. पोकळ लोखंड असतं तर एवढं जड कशाला असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाई. जड हाये म्हणून तर आवडला. खेळपट्टी काय झकास बसते.”

“वेल्डिंग करून,” खैरनार नुसतंच म्हणाले. ते उठून उभे राहिले होते.

भालेकरने पेनाचं टोपण लावलं आणि आवाज खाली आणला. “बाई, थांबा. हे मी अजून ऐकलेलं नाही. नोंदवलं तर कुंपणाच्या आत गेल्याचं सिद्ध होतं. कलम नऊ. पूर्वच नव्हे, गावाचा सगळा दावा जाईल. रूळ मी उद्या दुसऱ्या नावाने उचलून नेतो. ठिपका मात्र मग रिकामाच राहील, आणि पूर्व जुन्या नकाशाप्रमाणे तुमची. विचार करा.”

मथुराबाईंनी विचार केला. बाहेर ओट्यावर गावातली वीस-पंचवीस माणसं सहीची वाट बघत होती, त्यांत त्यांचे दोन दीर आणि थोरला मुलगा. कुणीतरी पेढ्यांचा पुडाही आणून ठेवला होता. नकाशावर पूर्वेच्या पडीत छप्पन्न ठिपके उरले होते आणि ते त्यांनी एकेक करून बोटाने मोजले, की मोजल्यासारखं केलं. मग पेन खाली ठेवलं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “होता म्हणून लिहा, आन् आमी आत गेलो म्हणून बी लिहा. गाव जोड्यानं मारंल, ते मी बघंन. पण आधी कुणीतरी फोन द्या हो, माझ्याला रेंज न्हाई. आता पाचवीचा खेळाचा तास हाये.”